तात्पर्य कोणी काढायचे?



मुलांना गोष्टीचे तात्पर्य काढायला कसे शिकवावे, हा विषय आम्ही आपण होऊन मागून घेतला तेव्हा व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी जरा नवलाने आमच्याकडे पाहिले. कामगार चळवळीतल्या माणसाने वेतनवाढ, कंत्राटी पद्धत, नाहीतर कामगार कायदा यांवर बोलावे अशी त्यांची अपेक्षा असणार, आणि ती गैर नव्हती. परंतु पिरंगुटपासून पौडपर्यंतच्या कारखान्यांच्या फाटकांसमोर इतकी वर्षे उभे राहून आमचे असे मत झाले आहे की, नोटीस वाचता येणे आणि नोटिशीचा अर्थ लावता येणे या दोन निराळ्या विद्या आहेत. पहिली शाळेत सगळ्यांना मिळते. दुसरी शिकवण्याची खरी जागा म्हणजे तिसरी-चौथीच्या वर्गातली कोल्ह्याची आणि कावळ्याची गोष्ट. तिथे ती राहून गेली, तर चाळिसाव्या वर्षी ती शिकवणे फार जड जाते.

शाळेत काय चालते ते आपण सर्व जण जाणता. मुद्दे दिलेले असतात. त्यांवरून गोष्ट लिहायची, शीर्षक द्यायचे आणि शेवटी ‘तात्पर्य’ असे लिहून पुढे एक ओळ लिहायची. त्या ओळीला गुण असतात. मुले हुशार असतात. त्यांच्या लवकर ध्यानात येते की ही ओळ गोष्टीतून काढावी लागत नाही, ती खिशात आधीच तयार ठेवता येते. एकी हेच बळ, गर्वाचे घर खाली, अति तेथे माती, प्रयत्नांती परमेश्वर. चार-पाच किल्ल्यांचा हा जुडगा बरोबर असला की कोणत्याही गोष्टीचे कुलूप उघडते. निदान उघडल्यासारखे वाटते. गाइडवाले तर जुडगा छापूनच देतात. यात शिक्षकांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. एका वर्गात पन्नास वह्या तपासायच्या असतील तर सर्व मुलांनी एकच ओळ लिहिलेली त्यांनाही बरी वाटणार.

आमच्या संघटनेच्या कचेरीत रविवारी संध्याकाळी कामगारांची मुले जमतात. काही इथल्याच गावांतली, काही मराठवाड्यातून आलेल्या घरांतली, आणि दोन-चार अशी की ज्यांची मायबोली मराठी नाही. शिकवणी वगैरे म्हणण्यासारखे ते काही नाही; गोष्टी सांगतो आणि त्यांवर बोलतो. त्यांना आम्ही पहिल्या दिवशी ससा आणि कासव यांची गोष्ट सांगितली व तात्पर्य लिहून मागितले. सर्वांनी चिकाटीचे महत्त्व लिहिले. मग आम्ही एवढेच विचारले, “हे गोष्टीत कुठे आहे ते दाखवा.” थोडा वेळ शांतता झाली. नंतर एक मुलगा म्हणाला, “काका, कासव जिंकलं ते ससा झोपला म्हणून. नसता झोपला तर?” त्यावर दुसरी म्हणाली, “कासव त्याच्या शेजारूनच गेलं ना? मग त्याला उठवलं का नाही?” झाले, तासभर तोच वाद. शर्यतीत झोपलेल्याला उठवावे की नाही, यावर मोठ्या माणसांचेसुद्धा एकमत होईल असे आम्हाला वाटत नाही. मुख्य गोष्ट ही की, चिकाटीचे वाक्य लिहिताना त्या मुलांनी गोष्ट पाहिलीच नव्हती. ‘कुठे आहे’ असे विचारल्यावर ती प्रथम तिच्याकडे वळली.

आता ही शेवटची ओळ आली कुठून, ते थोडे पाहू. इसाप हा गुलाम होता असे ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने नोंदवून ठेवले आहे. त्याच्या नावावरच्या गोष्टी पुढे लॅटिन पद्यात आणणारा फीड्रस हाही रोमच्या बादशहाने मुक्त केलेला गुलामच. त्या फीड्रसने अशा गोष्टी का जन्मल्या याचे कारण सांगून ठेवले आहे. गुलामाला मनातले उघड बोलण्याची सोय नव्हती, पाठीवर फटके बसत. म्हणून तो आपले म्हणणे लांडग्या-कोल्ह्यांच्या तोंडी घालून सांगू लागला. हे खरे धरले तर इसापाच्या गोष्टीला मुळात तात्पर्याची ओळ असण्याचे काही कारण नाही. ती लिहायची सोय असती तर गोष्टीची गरजच पडली नसती! ऐकणाऱ्याने ते ज्याचे त्याने समजून घ्यायचे, हीच त्यातली खुबी. पुढे वक्त्यांनी आणि शाळामास्तरांनी संग्रह केले तेव्हा, कोणती गोष्ट कोणत्या प्रसंगी वापरावी याची खूण म्हणून ओळी जोडल्या गेल्या, असे अभ्यासक सांगतात. म्हणजे गोष्ट एकाची आणि तात्पर्य दुसऱ्याचे. दोघांचा हेतू एकच असेल याची हमी कोण देणार?

आपल्या मराठीत या बाबतीत एक फार प्रामाणिक पुस्तक आहे, आणि ते तेराव्या शतकातले आहे. महानुभाव पंथातल्या केशोबासांचा ‘दृष्टांतपाठ’. त्यात प्रत्येक ठिकाणी तीन भाग केले आहेत. आधी सूत्र, म्हणजे चक्रधरस्वामींचे वचन. मग दृष्टांत, म्हणजे स्वामींनी सांगितलेली गोष्ट. आणि शेवटी दार्ष्टांतिक, म्हणजे ती गोष्ट लागू कशी करायची ते. यातले सूत्र आणि दृष्टांत स्वामींचे, दार्ष्टांतिक मात्र केशोबासांनी लिहिले, आणि ते निराळे करून ठेवले. हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट त्यातलीच. शिष्याने गुरूच्या गोष्टीचा अर्थ सांगितला, पण गुरूच्या तोंडी घातला नाही. हा चोखपणा आमच्या गाइडवाल्यांना सात शतकांनंतरही साधलेला नाही.

इसाप मराठीत आला तो तंजावरला, सरफोजी राजांच्या छापखान्यात, 1806 साली, ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने. पुढे मुंबईत सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे यांनी 1828 साली ‘इसपनीतिकथा’ काढली, आणि नव्या इंग्रजी अमलातल्या शाळांमधून ती घरोघर गेली. नावातच ‘नीति’ आली आहे. छत्र्यांचे उपकार मोठे आहेत. मुलांसाठी सरळ मराठी गद्य लिहिण्याची वाट त्यांनी पाडली. पण गुलामाची कुजबुज पाठ्यपुस्तक झाली, हेही त्याबरोबरच घडले.

आणि पंचतंत्र? ते तर उलट्या टोकाचे. विष्णुशर्म्याने ते राजाच्या तीन मठ्ठ मुलांना सहा महिन्यांत शहाणे करण्यासाठी रचले, अशी त्याची प्रस्तावना आहे. म्हणजे ती राज्य करणाऱ्यांची शाळा. तिथे नीतीचा अर्थ सदाचार नव्हे, राजनीती. पहिल्याच तंत्रात दमनक नावाचा कोल्हा सिंह आणि बैल यांच्या मैत्रीत विष कालवतो, बैल मारला जातो, आणि दमनकाला शिक्षा होत नाही. तो मंत्रिपदावर राहतो. हे मुलांना कोणत्या तात्पर्यासह सांगावे? हा प्रश्न आपल्याला आज पडतो असे नाही. आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फा याने पहलवी भाषेतून हे पुस्तक अरबीत नेले, तेव्हा त्यालाही ते सोसले नाही. त्या अरबी पुस्तकात एक अख्खे नवे प्रकरण आहे. त्यात कोल्ह्यावर खटला चालतो, साक्षी होतात आणि त्याला देहदंड मिळतो. हे प्रकरण त्यानेच घातले असे बहुतेक विद्वान मानतात. आम्हाला हा अनुवादक फार जवळचा वाटतो. त्याने गोष्टीच्या शेवटी दोन ओळींचा उपदेश चिकटवला नाही; अन्याय खटकला म्हणून त्याने न्यायालय उभे केले. आमच्याकडच्या एका मुलाला दमनकाची गोष्ट सांगितली तेव्हा तो पहिल्यांदा हेच म्हणाला होता, “मग पोलीस आले नाहीत का?”

सूत्र आणि तात्पर्य यांतला फरक मुलांच्या ध्यानात आणून देणे, हे या कामातले पहिले पाऊल आहे असे आम्ही समजतो. गोष्ट कशाबद्दल आहे, हे सूत्र. त्यावरून काय करावे, हे तात्पर्य. सूत्र बहुधा एकच निघते; निदान त्यावर पुरावा देऊन भांडता येते. तात्पर्य मात्र आपण गोष्टीतल्या कोणाच्या बाजूला उभे आहोत यावर बदलते. हे कोरडे बोलून कळायचे नाही, म्हणून उंटाची गोष्ट घेतो. पंचतंत्रातलीच आहे.

एका वनात सिंह होता. चित्ता, कोल्हा आणि कावळा असे त्याचे सेवक. तांड्यातून चुकलेला एक उंट तिथे आला, त्याला सिंहाने अभय दिले. पुढे हत्तीशी झुंजताना सिंह जखमी झाला, शिकार बंद पडली, सगळे उपाशी. सेवकांच्या नजरा उंटाकडे वळल्या, पण सिंहाने वचन दिलेले. मग त्यांनी युक्ती काढली. सिंहापुढे प्रथम कावळा आला व म्हणाला, महाराज, मला खा. बाकीचे म्हणाले, तू एवढासा, तुझ्याने काय होणार? मग कोल्हा पुढे आला, त्यालाही काही कारण सांगून बाजूला केले. मग चित्ता, त्यालाही तसेच. उंटाने पाहिले की जो तो स्वामीसाठी प्राण देऊ करतो आणि कोणालाच खाल्ले जात नाही. मग आपणच मागे राहणे शोभत नाही. तो म्हणाला, महाराज, मला खा. आणि त्याला खाल्ले.

छापील तात्पर्य काय असते? दुष्टांची संगत धरू नये. किंवा, मूर्खपणा करू नये. म्हणजे दोष उंटाचा! आमच्याकडच्या मुलांनीही प्रथम तेच सांगितले. तेव्हा आम्ही विचारले, “तिघांना उंट मारायचाच होता, तर रात्री झोपेत का नाही मारला? एवढे नाटक कशाला?” चौथीतली एक मुलगी बराच वेळ गप्प होती. ती म्हणाली, “सिंहानं वचन दिलं होतं ना. म्हणून उंटाकडूनच म्हणवून घेतलं. आता वचन मोडलं असं कोणी म्हणणार नाही.”

मंडळी, आम्ही बऱ्याच वकिलांची भाषणे ऐकली आहेत. ‘स्वेच्छा’ या शब्दाची इतकी स्वच्छ फोड फार थोड्यांनी केली. हे त्या गोष्टीचे सूत्र. दिलेले संरक्षण उघड मोडता येत नाही तेव्हा ते ज्याचे आहे त्याच्याकडूनच सोडवून घेतात. त्या दिवशी कोपऱ्यात एका मुलाचे वडील बसले होते. आमच्या माहितीच्या एका कारखान्यात, नाव घेण्याचे कारण नाही, मंदीच्या दिवसांत सभा भरली होती. वरचे साहेब एकामागून एक उठले आणि कंपनीसाठी आपण या वर्षीची वाढ सोडतो असे म्हणाले. टाळ्या झाल्या. मग कामगारांनीही हात वर केले. साहेबांचा त्याग तोंडी राहिला. कामगारांचा त्याच संध्याकाळी कागदावर उतरला, सह्या झाल्या. हे गृहस्थ त्या सह्या करणाऱ्यांपैकी. मुलीचे बोलणे ऐकून ते एवढेच म्हणाले, “ही गोष्ट आम्हाला शाळेत होती की!” होती. तात्पर्यासकट होती.

मुलांनी नंतर तात्पर्ये काढली ती निरनिराळी होती. उंटाच्या बाजूने: आधी कोण खरोखर खाल्ला गेला ते पाहावे, मग बोलावे. सिंहाच्या बाजूने एकाने काढले: वचन देताना उपाशी दिवसांचा विचार करावा. कोल्ह्याच्या बाजूने कोणी काढील असे वाटले नव्हते, पण एकाने काढलेच: पहिला नंबर कावळ्याचा लावावा! मुले हसली, आम्हीही हसलो.

इथे कोणी सुजाण श्रोता म्हणेल की, हाच तर धोका आहे. अशाने मुले कोल्हेगिरी शिकतील. ही शंका जुनी आणि मोठ्या माणसाची आहे. फ्रान्समधल्या रूसोने 1762 साली ‘एमिल’ या ग्रंथात लहान मुलांच्या हाती अशा कथा देऊच नयेत असे आग्रहाने मांडले. कावळा आणि कोल्हा यांच्या गोष्टीत मूल फसलेल्या कावळ्यापासून शहाणपण घेत नाही, ते फसवणाऱ्याच्या, म्हणजे कोल्ह्याच्या बाजूला जाते. सिंहाने वाटणी केल्याच्या गोष्टीत ते सिंह होऊ पाहते, असे त्याचे निरीक्षण आहे. निरीक्षण खरे आहे. मुले तशी जातातच. पण निष्कर्ष आम्हाला पटत नाही. मूल कोल्ह्याच्या बाजूला गेले तर ते निदान खरे बोलले. त्याच्याकडून तोंडदेखले ‘स्तुतीला भुलू नये’ लिहवून घेतले तर ते कोल्हाच राहील, आणि वर दहापैकी दहा गुण मिळवलेला कोल्हा होईल. त्याला पुढचा प्रश्न विचारायचा, “उद्या तू कावळा असलास तर?” एका मुलाने या प्रश्नावर चिडून आमच्याशी दोन रविवार अबोला धरला होता.

तात्पर्य गोष्टीला कसे कापून टाकते याचा आणखी एक नमुना सांगतो. कबुतरे जाळ्यात सापडतात आणि सगळी मिळून जाळ्यासकट उडून जातात, ही गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, आणि आमच्या चळवळीत तर ती सभेसभेला सांगतात. एकी हेच बळ. गोष्ट संपली. पण पंचतंत्रात ती तिथे संपत नाही. कबुतरांचा राजा चित्रग्रीव सर्वांना हिरण्यक नावाच्या आपल्या मित्र उंदराकडे नेतो. उंदीर धावत येऊन प्रथम मित्राचेच पाश तोडू लागतो. राजा म्हणतो, आधी माझ्या मंडळींचे तोड, माझे शेवटी. उंदराचे दात झिजतील किंवा पडतील, मग उरलेल्यांचे काय, हा विचार त्यामागे आहे. पुस्तकांतून हा भाग बहुधा गळतो, कारण ‘एकी’ आधीच मिळालेली असते. आम्हाला विचाराल तर त्या गोष्टीचा जीव या गळालेल्या भागात आहे. एकीने उडता येते, जाळे सुटत नाही. ते सुटायच्या वेळी कोणाचा दोरा आधी तुटतो, यावर संघटना टिकतात आणि मोडतात. हे आम्ही उभ्या आयुष्यात इतक्या वेळा पाहिले आहे की, पुढाऱ्यांच्या निवडणुकीआधी ही पुरी गोष्ट वाचून दाखवण्याचा नियम करावा असे आमच्या मनात येते.

तसेच पोटाच्या गोष्टीचे. हातपायांनी संप केला, पोटाला काही द्यायचे नाही ठरवले, आणि शेवटी सगळेच अवयव दुबळे झाले. ही गोष्ट आम्हाला वार्षिक समारंभांतून इतक्यांदा ऐकवली गेली आहे की तीवर आमचा हक्कच आहे. ती प्रथम कुठे सांगितली गेली? परंपरेप्रमाणे इसवी सनापूर्वी 494 मध्ये, रोममध्ये. कर्जापायी बेड्या पडणारे सामान्य लोक शहर सोडून एका टेकडीवर जाऊन बसले होते. त्यांची समजूत घालायला सरदारांनी मेनेनियस अग्रिप्पा याला पाठवले आणि त्याने ही गोष्ट सांगितली, असे लिव्ही हा इतिहासकार लिहितो. समारंभांतले वक्ते इथे थांबतात. लिव्ही थांबत नाही. गोष्ट ऐकून लोकांची मने वळली हे खरे, पण ते टेकडीवरून उतरले ते करार करून. आपल्यातून निवडलेले प्रतिनिधी हवेत, त्यांच्या अंगाला हात लावता येणार नाही, हे मान्य करून घेतले. हातांना हे मिळाले, मग पोटाला अन्न मिळाले. याच गोष्टीला पंचतंत्राचे उत्तर आहे, भारुंड पक्ष्याचे. त्याला तोंडे दोन, पोट एक. एका तोंडाला अमृतासारखे फळ मिळाले. दुसऱ्याने वाटा मागितला तर पहिले म्हणाले, आपले पोट एकच आहे, मी खाल्ले काय आणि तू खाल्लेस काय! दुसऱ्या तोंडाने एक दिवस विषारी फळ खाल्ले. या दोन गोष्टी आम्ही मुलांना लागोपाठ सांगतो. बाकीचे ती आपापसांत बोलतात, आम्हाला काही करावे लागत नाही.

पण वाटेल ते तात्पर्य चालते असे मात्र नाही. हे नीट ध्यानात घ्यावे, नाहीतर आम्ही मुलांना नुसते तोंडाळ केले असे होईल. एका मुलाने उंटाच्या गोष्टीवरून ‘मांसाहार करू नये’ असे सांगितले. विचार चांगला असेल, पण गोष्टीत त्याला जागा नाही. सिंह उपाशी आहे याबद्दल गोष्टीची काही तक्रार नाही. “कुठे आहे ते दाखव” हा प्रश्न इथेही तितकाच कडक लावावा लागतो. आमची ओढ ज्या अर्थाकडे असते त्याला तर अधिकच कडक. आणि याची कसोटी आमच्या तालुक्यातच लागली, ते सांगतो.

लांडगा आणि कोकरू यांची गोष्ट होती. ओढ्यावर वरच्या अंगाला लांडगा, खालच्या अंगाला कोकरू. लांडगा म्हणतो, माझे पाणी गढूळ का करतोस? कोकरू म्हणते, पाणी तुमच्याकडून माझ्याकडे येते. लांडगा म्हणतो, गेल्या वर्षी तू माझ्या बापाला शिवी दिलीस. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो, असे कोकरू म्हणते. लांडगा म्हणतो, असेल, पण मी तुला खाणार. पाण्याची गोष्ट आणि समोर मुळशी तालुक्यातली मुले. धरणाचे नाव निघायला वेळ लागला नाही. कोणाच्या तरी आजीने सांगितलेले होते.

ही हकिगत या सभेतल्या अनेकांना आमच्यापेक्षा चांगली ठाऊक आहे. मुळा आणि निळा यांच्या संगमाजवळ टाटांच्या वीज कंपनीने धरण बांधायला घेतले. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. पन्नासच्या आसपास गावांची आंबेमोहोराची जमीन पाण्याखाली जाणार होती. भूसंपादनाच्या 1894 च्या कायद्याने सरकारने ती कंपनीसाठी घेतली. 1921 च्या रामनवमीला मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते या लढ्यात. विनायकराव भुस्कुटे त्यांच्या बरोबरीने होते. 1924 पर्यंत लढा चालला आणि शेवटी धरण झाले. पूर्वेला पुण्याकडे जाणारे पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात उतरू लागले. एक मुलगी म्हणाली, “कोकरानं खरंच पाणी गढूळ केलं नव्हतं. लांडग्यानं तर पाणीच उलटं फिरवलं.”

वाक्य इतके छान होते की तिथेच थांबण्याचा मोह कोणालाही झाला असता. पण नियम तो नियम. आम्ही विचारले, “गोष्टीत कोकरे किती?” एक. “आणि मुळशीत?” हजारो माणसे. “सगळ्यांना एकच हवे होते का?” हे मुलांना ठाऊक नव्हते, तेव्हा सांगावे लागले. जमिनी कसणारे मावळे एक होते, पण त्या जमिनींवर हक्क असलेले पुष्कळसे सावकार पुण्यात राहत. त्यांतल्या अनेकांना जमीन वाचण्यापेक्षा मोबदला चांगला मिळण्यात अधिक रस होता. कुळाला मात्र पैशात रस असून उपयोग नव्हता, कारण जमिनीच्या कागदांवर त्याचे नाव नव्हते. मोबदला वाढला आणि लढ्याची एक बाजू ढिली पडली. शिवाय त्या विजेवर ज्या गिरण्या चालल्या त्यांत राबणारेही आपलेच, कोकणातले आणि घाटावरचे कामगार होते. ते लांडग्याच्या बाजूचे म्हणायचे का? एका मुलाने निषेध केला, “म्हणजे लांडगा बरोबर होता का, काका?” नाही. कारणे सांगून घ्यायचे ते घेतलेच, एवढे गोष्टीशी जुळते, आणि ते सोडायचे नाही. पण जिथे जुळत नाही तेही दाखवता आले पाहिजे. लांडग्याच्या गोष्टीत कोकराचा भाऊ नसतो, सावकार नसतो, मुंबईची गिरणी नसते. गोष्ट लहान असते म्हणून हाती धरता येते. मुळशी लहान नव्हती.

मुलांनी मग त्या गोष्टीत आणखी पात्रे घालायला सुरुवात केली. एक मेंढपाळ आला, तो दूर शहरात राहतो आणि कोकराची किंमत ठरवतो. लांडग्याच्या घरी पाणी भरणारी दुसरी कोकरे आली. गोष्ट लांबत गेली, तिला शेवट सापडेना, आणि तात्पर्य तर कोणी मागितलेच नाही. शेवटी मराठवाड्यातल्या घरातला एक मुलगा, ज्याचे आईबाप पाऊस पडला नाही म्हणून इकडे आले आहेत, त्याने विचारले, “पण ती माणसं गेली कुठं? ज्यांची गावं बुडाली ती?”

काही वरच्या डोंगरांवर सरकली, काही मुंबईला गेली, एवढे आम्ही सांगितले. त्याचे समाधान झाले नाही. नावे सांगा, म्हणाला. म्हणून आता एक विनंती करतो आणि आपली रजा घेतो. या सभागृहात बुडालेल्या गावांतल्या घराण्यांतले लोक बसलेले असतील. ज्यांच्या घरी त्या काळचे कागद असतील, मोबदल्याच्या पावत्या, खटल्याचे समन्स, कोणाच्या तुरुंगातल्या चिठ्ठ्या, किंवा कागद नसून नुसती आजोबांनी सांगितलेली हकिगत असेल, त्यांनी ती घेऊन येत्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता आमच्या कचेरीत यावे. कागद परत मिळतील. प्रश्न मुले विचारतील.